सू दोंगपोचा कित्ता गिरवायचा असेल तर

ब्रशने चिनी अक्षरं काढायला शिकणारा माणूस सू दोंगपो या अकराव्या शतकातल्या कवी-सुलेखकापाशी येतो तो बहुधा गैरसमजातून. यान झेनचिंग या जुन्या सुलेखकाची अक्षरं खांब रोवल्यासारखी उभी असतात, बघूनच दडपण येतं. त्याहूनही जुन्या वांग शीझीची बघितली की ब्रश धुऊन ठेवावा आणि दुसरं काहीतरी काम करावं असं वाटतं. सूची अक्षरं मात्र जाडसर, बसकी, उजव्या अंगाला जरा वर चढलेली, घरातल्या कपड्यांत बसून लिहिल्यासारखी. मलाही वाटलं, हे जमेल. त्याला सहा वर्षं झाली. हांगझोतल्या शनिवारच्या वर्गाला मी अजून जाते आणि पहिल्या दिवशी जे सोपं वाटलं होतं नेमकं तिथेच अडते.

आधी माणूस, थोडक्यात. सू शी हे त्याचं नाव. जन्म १०३७ चा, सिचुआनमधल्या मैशानचा. १०५७ मध्ये राजधानीतली परीक्षा पास झाला आणि सरकारी नोकरीत शिरला. १०७९ मध्ये कवितांतून दरबाराच्या धोरणांची टिंगल करतो म्हणून त्याला पकडलं, शंभरावर दिवस कोठडीत ठेवलं आणि मग ह्वांगझोला धाडून दिलं. (आमचं हांगझो नव्हे. हे यांगत्सेच्या काठचं, हुबेईतलं. उच्चारात माझीही अजून गडबड होते.) तिथे नावाला एक लष्करी हुद्दा होता, पण सरकारी कागदावर सही करायची मुभा नव्हती. पोटासाठी गावाच्या पूर्वेच्या उतारावर एक पडीक तुकडा कसायला घेतला. ‘दोंगपो’ म्हणजे पूर्वेचा उतार. तेच नाव त्याने घेतलं. पुढे दिवस पालटले. १०८९ मध्ये तो हांगझोचा मुख्य अधिकारी होऊन आला, पश्चिम सरोवरातला गाळ उपसला आणि त्याच गाळाचा बांध घातला. तो पावणेतीन किलोमीटरचा बांध त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि वर्गाला जाताना मी त्यावरूनच जाते. नंतर पुन्हा हद्दपारी, थेट हायनान बेटापर्यंत. परतताना ११०१ मध्ये चांगझोला वारला.

हे सांगितलं कारण त्याचा कित्ता निवडताना वर्ष बघावं लागतं. तरुणपणी तो वांग शीझी गिरवत होता, मध्यम वयात यान झेनचिंगकडे वळला. आपल्याला हवंय ते ह्वांगझोतलं अक्षर.

दुकानात गेलात तर पुढ्यात येईल ती ‘हानशी’ कवितांची गुंडाळी, कारण चालत्या अक्षरातली (सलग, थोडं जोडून लिहायच्या वळणातली) जगातली तिसरी श्रेष्ठ कृती म्हणून तिचा लौकिक आहे. पहिली वांग शीझीची, ३५३ मधली. दुसरी यान झेनचिंगची, ७५८ मधली, पुतण्याच्या श्राद्धाच्या मजकुराचा कच्चा खर्डा. ‘हानशी’ घ्या, पण कपाटात ठेवा. सुरुवात ‘लाल कडा’ या गद्यकाव्याच्या प्रतीपासून करा. ते त्याने १०८२ मध्ये रचलं आणि पुढच्या वर्षी एका मित्रासाठी स्वतःच्या हाताने उतरवून दिलं. तिथे अक्षरं एका मापाची आहेत, सुटी सुटी आहेत, बरीचशी उभ्या वळणाची आहेत. सू स्वतःच म्हणायचा की उभं अक्षर म्हणजे उभं राहणं, चालतं अक्षर म्हणजे चालणं, धावतं म्हणजे धावणं, आणि उभं राहता न येणारा कधी धावल्याचं ऐकलेलं नाही.

इथे एक खड्डा आहे, तो सांगून ठेवते. या प्रतीची सुरुवात फाटून गेली आहे. पहिली ३६ अक्षरं नंतर वन झेंगमिंग या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराने भरून दिली. अक्षर बारीक आहे, बाजूला तशी नोंदही आहे, पण नवशिक्या नोंदी कुठे वाचतो? मी पहिला आठवडाभर तीच ३६ अक्षरं घोटली. शनिवारी लाओशींनी (आमच्या बाई, इथे सगळे शिक्षकांना लाओशीच म्हणतात) कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “छान आहे. पण तू सूकडे शिकायला आली होतीस ना? हे तर वन झेंगमिंगच्या घरून आलंय.”

म्हणून मी सांगेन, शेवटापासून सुरू करा. मूळ मजकूर संपल्यावर सूने मित्राला चार ओळी लिहिल्या आहेत: हे गेल्या वर्षी लिहिलं, फारसं कुणाला दाखवलेलं नाही, एक-दोघांनीच पाहिलंय. तुझा माणूस नवं काही मागायला आला म्हणून लिहून देतो. फार अडचणीतून गेलोय, आता भीती वाटते. माझ्यावर जीव असेल तर हे लपवून ठेव. आणखी एक दुसरा भागही आहे, पण हात थकला, पुढच्या वेळी. या ओळींत तो साहित्य लिहीत नाही, चिठ्ठी लिहितो, त्यामुळे हात सैल आहे. सैल हात आधी शिकावा. एकदा ताठरलेला हात सैल करायला किती शनिवार जातात ते मला विचारा.

सामान फार लागत नाही. ब्रश मिश्र केसांचा घ्या, आत वीझलच्या (मुंगसासारख्या एका प्राण्याच्या) ताठ केसांचा गाभा आणि बाहेर बकरीचे मऊ केस. निव्वळ बकरीच्या केसांचा ब्रश शाई भरपूर धरतो, पण सूच्या वळणांवर लोळण घेतो. नवा ब्रश खळीने कडक केलेला असतो. तो कोमट पाण्यात मुळापर्यंत हळूहळू मोकळा करा. गरम पाण्यात घातलात तर आतला डिंक सुटून केस गळायला लागतात. सरावाला बांबूच्या लगद्याचा पिवळसर माओबियान कागद पुरतो. शुआन या सुलेखनाच्या पारंपरिक कागदाचं कच्चं वाण टिपकागदासारखं शाई पितं. सूची जाड रेघ त्यावर काढायला गेलात तर अक्षराचा ढग होतो. अर्धं खळ दिलेलं वाण मागा.

शाईबद्दल मात्र सूचे हट्ट होते आणि ते ऐकण्यासारखे आहेत. शाई काळी हवी आणि काळ्यातही जिवंत चमक हवी, लहान मुलाच्या बुबुळासारखी, असं त्याने लिहून ठेवलंय. हायनानला हद्दपार असताना हा गृहस्थ तिथल्या पाइनची काजळी धरून स्वतः शाई करायला बसला. एका रात्री भट्टी पेटली, घर जळता जळता वाचलं आणि उद्योग तिथेच थांबला. तोवर चांगल्या शाईचे लहानमोठे पाचशे गोळे हाताशी आले होते. तेव्हा सूसाठी शाई दाट हवी. बाटलीतली चालेल, पण निदान आठवड्यातून एकदा शाईची कांडी दगडावर उगाळा. सहाणेवर गंध उगाळतो तसंच: चमचाभर पाणी, कांडी सरळ उभी, हात संथ, जोर नाही. पंधरा-वीस मिनिटं जातात. झाली कधी म्हणायचं? कांडी फिरली की तिच्या मागे दगडाची वाट क्षणभर उघडी राहते आणि मग शाई तिच्यावरून मिटते, तेव्हा. लगेच मिटत असेल तर अजून पातळ आहे. आणि तेवढ्या वेळात समोरचा कित्ता नुसता बघायचा. याला इथे ‘कित्ता वाचणं’ म्हणतात. तो गिरवण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे आणि सगळे तोच गाळतात.

आता पकड. वर्गात सर्वांना शिकवतात ती पाच बोटांची पकड: ब्रश उभा, तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही बाहेरून वळलेली, मनगट अधांतरी. सू तसा धरत नसे. अंगठा आणि तर्जनी, खालून मधल्या बोटाचा टेकू, म्हणजे जवळजवळ आपण पेन धरतो तसा. मनगट टेकलेलं, ब्रश कललेला. म्हणून आपल्यासारख्यांना ते ओळखीचं वाटतं आणि तिथेच घात होतो. पेनची सवय असलेला हात टोकाने ओरखडे काढत जातो. सू टोकाने लिहीत नाही, ब्रशचं पोट कागदावर टेकवतो. त्याच्या पुढच्या पिढीतल्या ‘मी फू’ नावाच्या सुलेखकाने सम्राटापुढे एकेका सुलेखकाचं एका शब्दात वर्णन केलं होतं. सूसाठी शब्द होता ‘रंगवतो’, आणि स्वतःसाठी ‘ब्रश मारतो’. तेवढं लक्षात ठेवलंत तरी वेग आपोआप उतरेल. करून बघा: ब्रश शाईत बुडवा, दगडाच्या कडेवर दोनदा निथळा, कागदावर एक आडवी रेघ काढा. टेकवताना थांबा, पोट बसू द्या, मग ओढा. रेघ उजवीकडे थोडी चढली पाहिजे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंगाने भरलेली दिसली पाहिजे. मध्येच बारीक झाली म्हणजे तुम्ही पेन धरलंय.

कललेल्या ब्रशवर टीका तेव्हाही झाली. मनगट टेकतो म्हणून त्याच्या अक्षराची डावी बाजू देखणी आणि उजवी सुकी, असं काही जण म्हणत. त्याचा मित्र ह्वांग तिंगजियानने त्यांना जे उत्तर दिलं ते मला फार आवडतं: शीशी ही सौंदर्यवती छातीत कळ आली की कपाळाला आठ्या घालायची, त्या दुखण्यातही ती सुंदरच दिसायची. पण हे उत्तर सूसाठी आहे. आपण उजवी बाजू सुकी काढली तर ती नुसती सुकीच दिसते. म्हणून पहिले सहा महिने रेघा पाच बोटांच्या पकडीने काढा आणि मगच त्याची पकड धरून बघा.

याच मित्राच्या अक्षरांना सूने ‘झाडाच्या शेंड्याला लटकलेले साप’ म्हटलं होतं. ह्वांगने परतफेड केली: तुमची अक्षरं म्हणजे दगडाखाली दबलेले बेडूक. थट्टा असली तरी बेडूक हीच सूच्या अक्षराची किल्ली आहे. अक्षर रुंद जास्त, उंच कमी. त्यासाठी मी एक साधी युक्ती करते. चौकटीचा तयार कागद बाजूला ठेवते आणि साध्या कागदाला फक्त उभ्या घड्या घालते. आडवी घडी एकही नाही. चौकट असली की हात ती भरायला बघतो आणि अक्षर उंच होतं. रकाना मोकळा असला की अक्षराला आपलं बूड टेकता येतं. तरी उंच होत असेल तर आडव्या रेघांमधली अंतरं कमी करा, रेघा आखूड करू नका. मोठं अक्षर घट्ट बांधणं कठीण आणि लहान अक्षर ऐसपैस ठेवणं कठीण, हे त्याचंच निरीक्षण. रकाने उजवीकडून डावीकडे भरायचे. आपल्या हाताला हे उलटं वाटतं आणि पहिले काही दिवस ओली शाई मनगटाला लागते. मनगटावरच्या आडव्या सुरकुत्यांत ती अशी काही पसरते की दिवसभर लोक विचारतात, काय लागलं.

चारेक महिन्यांनी, हात बसला की, ‘हानशी’ बाहेर काढा. आता ब्रश नको, आधी कविता समजून घ्या. भाषा येत नसेल तर अर्थ मिळवा, अक्षराखाली अक्षराचा. हे टाळून चालणार नाही, कारण या गुंडाळीत अक्षराचं माप मजकूर ठरवतो.

हानशी म्हणजे थंड अन्नाचा सण, छिंगमिंगच्या (पितरांच्या कबरी झाडायच्या सणाच्या) आदल्या दिवसांतला. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. १०८२ साल, ह्वांगझोतला त्याचा तिसरा हानशी. पहिल्या कवितेत तो सांगतो की दरवर्षी वसंत जपून ठेवावासा वाटतो आणि वसंत जपू देत नाही. दोन महिने पाऊस लागलाय. अंथरुणात पडून हायथांगची फुलं चिखलात गळताना ऐकतोय. जणू एखादा तरुण आजारी पडावा आणि उठेपर्यंत केस पांढरे व्हावेत. दुसऱ्या कवितेत नदी दारात शिरू बघते, घर कोळ्याच्या होडीसारखं धुक्यात तरंगतंय, रिकाम्या स्वयंपाकघरात थंड भाजी शिजतेय, फुटक्या चुलीत ओले बोरू जळतायत. सण आहे हेही ठाऊक नाही. कावळ्याच्या चोचीत पितरांसाठी जाळायचा कागद दिसतो तेव्हा कळतं. सम्राटाचं दार नऊ वेशींच्या आत, आईवडिलांच्या कबरी हजारो मैलांवर, आणि विझलेली राख फुंकली तरी पेटत नाही.

आता कित्ता समोर ठेवा. १७ ओळी, १२९ अक्षरं. सुरुवात लहान, सरळ, सांभाळून केलेली आहे. फुलांच्या ओळीपाशी या. ‘फूल’ हे अक्षर ‘ह्वा’, त्याखाली ‘चिखल’, म्हणजे ‘नी’. फुलाचा शेवटचा फटकारा उचलून न घेता तो तसाच खाली ओघळत नेलाय आणि चिखलाच्या पहिल्या टिंबात उतरवलाय. केसाएवढा धागा आहे. तो काढताना ब्रश उचलायचा नाही, फक्त हलका करायचा. मी पन्नासेक वेळा काढला असेन. दर वेळी एकतर तुटायचा किंवा दोरीसारखा जाड व्हायचा. लाओशींनी माझा हात धरला नाही, इतकंच विचारलं, “फूल पडतंय की तू फेकतेयस?”

दुसऱ्या कवितेत अक्षरं फुगत जातात. ‘फुटकी चूल’ ही दोन अक्षरं एवढी मोठी आणि जड होतात की रकान्यात मावत नाहीत. तिथे ब्रश पूर्ण दाबा, लाजू नका. आणि चार ठिकाणी उभी रेघ लांब सोडलीये: ‘वर्ष’, ‘आत’, ‘बोरू’ आणि ‘कागद’. या रेघा मनगट टेकवून निघतच नाहीत. कोपर उचला, हवं तर उभे राहा, आणि रेघ सुरू करण्याआधी ब्रश पुन्हा शाईत बुडवू नका. असलेल्या शाईत ती जाईल तिथवर जाऊ द्या. ‘कागद’ शब्दकोशात शोधाल तर हे रूप सापडणार नाही. सूने जुनं रूप वापरलंय, ज्यात खाली ‘कापड’ हा घटक येतो, आणि त्या कापडाची मधली रेघ सुरीसारखी खाली उतरते. तिच्या टोकाखाली लगेच ‘राजा’ हे अक्षर, एकदम लहान. ते मोठं काढू नका. मी पहिल्यांदा सवयीने मोठं काढलं आणि सगळी ओळ पडली.

चुका. गुंडाळीत त्या आहेत आणि त्यांनाही हात लावायचा. तरुणाच्या ओळीत ‘आजारी’ हे अक्षर राहून गेलं होतं, ते बारीक करून बाजूला घुसवलंय, आणि एक जास्तीचं अक्षर बाजूला टिंबं देऊन रद्द केलंय. दुसऱ्या कवितेत ‘पाऊस’ एकदा जास्त पडलाय, त्यालाही टिंबं. माझ्या पहिल्या पूर्ण प्रतीत मी हे सगळं नीट करून, गाळून, स्वच्छ लिहिलं होतं. लाओशींनी ती परत दिली. ओळींमधलं अंतर त्या चुकांमुळे ठरलंय, त्या काढल्या की खालची अक्षरं भलत्याच ठिकाणी येतात. ताडून बघितलं, तसंच होतं. लाल शिक्के मात्र सोडून द्या, ते नंतरच्या मालकांचे आहेत. कडेच्या जळक्या खुणाही. ही गुंडाळी आगीतून गेलीये आणि १९२३ च्या भूकंपात तोक्योतल्या मालकाच्या घरूनही वाचलीये. आता ती तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. कायम मांडलेली नसते, पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र इतकं मोठं करता येतं की शाईवर शाई कुठे चढली तेही दिसतं.

रोजचा क्रम माझा असा: अर्धा तास दोन ओळी समोर बघून, मग कित्ता मिटून त्याच दोन ओळी आठवून, मग उघडून लाल शाईने फरक खुणावून. आठवून काढलेली प्रत नेहमी वाईट असते. फेकू नका, तारीख घालून ठेवा. पाऊस नसेल तर बांधाच्या बाजूला फरशीवर मोठ्या स्पंजच्या ब्रशने पाण्यात अक्षरं काढणारे आजोबा असतात, त्यांच्याकडून ब्रश मागून घेते. पाण्याचं अक्षर दोन मिनिटांत वाळतं, त्यामुळे लांब रेघांना हात मोकळा होतो.

ह्वांग सांगतो की सूला दोन-चार घोट दारू पुरायची, तो तिथेच आडवा होऊन ढगांच्या गडगडाटासारखा घोरायचा आणि उठला की वाऱ्यापावसासारखा लिहायचा. आमच्या वर्गात एकाने हे करून बघितलं. घोरण्यापर्यंत जमलं.

‘हानशी’च्या शेवटी ह्वांगची टीप आहे, सूच्या अक्षराहून मोठ्या अक्षरात. सूला पुन्हा लिहायला बसवलं तरी एवढं जमेलच असं नाही, असं त्यात म्हटलंय. आणि पुढे: कधी त्याने हे पाहिलं तर हसेल, बुद्ध नाही तिथे आसनावर जाऊन बसलोय म्हणून. ती टीप बघून ह्वांग गिरवायचा मोह होईल. त्याची लांब पाय पसरलेली अक्षरं आधी उचललेल्या मनगटाने काढायची असतात. सू आणि तो एकाच दिवशी घेऊ नका, दोन्ही बिघडतात. त्या दिवशी नुसता ब्रश धुवा, मुळाशी बोटाने दाबून, पाणी नितळ येईपर्यंत, आणि टोक खाली करून टांगा.